अधिक करू का वजा?

या आठवड्याचं पत्र:

‘नमस्कार बाई. मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, अजनीत राहतो. मुलगा-सून दोघंही नोकरीवर, म्हणून नातीचा अभ्यास माझ्याकडे. चौथीत आहे, सेमी इंग्रजी. २० पर्यंत पाढे पाठ, हातच्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं बिनचूक. पण शाब्दिक उदाहरण आलं की वही माझ्यापुढे सरकवते आणि विचारते, “आबा, अधिक करू का वजा?” परवाचं उदाहरण असं होतं: एका दुकानदाराने ८ डझन संत्री ६४० रुपयांना विकत घेतली, तर एक डझन संत्र्यांची किंमत किती? पोरीचं उत्तर आलं ५१२० रुपये. नागपुरात डझनभर संत्री पाच हजाराला! मी फार रागावलो. ती रडली, सूनबाई माझ्यावर नाराज. ट्यूशनच्या मॅडमनी कोणत्या शब्दाला काय करायचं याचा तक्ता दिला आहे, तो भिंतीवर लावला. रोज ३० गणितं मी जास्तीची देतो. आता पावकी-दिडकीही सुरू करावी म्हणतो, आमची तयारी त्याच्यावरच झाली. फरक काही पडत नाही. काय चुकून राहिलं? — एक आजोबा’

काकाजी, नमस्कार.

आधी त्या ५१२० कडे जरा प्रेमाने बघा. आठ चोक बत्तीस, हातचे तीन, आठ सक अठ्ठेचाळीस अन् तीन एक्कावन्न, शेवटी शून्य. कुठेही न अडखळता केलेला गुणाकार आहे तो. म्हणजे रोज ३० गणितं देऊन तुम्ही जे घोटून घेता ते तिला येतंच. तुम्ही धडधाकट इंजिनाला पुन्हा पुन्हा तेल घालून राहिले, आणि गाडी उभी आहे ती दुसऱ्याच कारणाने.

रेल्वेच्या माणसाला रेल्वेच्याच भाषेत सांगते. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन या बाईंनी शाब्दिक उदाहरणं चुकणाऱ्या एकेका मुलासमोर बसून चूक नेमकी कुठे होते ते शोधायची एक रीत मांडली. उदाहरणापासून उत्तरापर्यंत पाच स्टेशनं लागतात. वाचता येणं, वाचलेलं समजणं, त्यावरून काय करायचं ते ठरवणं, मग ती आकडेमोड, आणि शेवटी जे विचारलं होतं त्याला धरून उत्तर लिहिणं. मूल कुठेही अडकलं तरी वहीत दिसते ती एकच लाल फुली, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्या चुका सारख्याच. तुम्ही दुरुस्ती करता ती चौथ्या स्टेशनावर. तुमच्या नातीची गाडी तिथवर पोचते खरी, पण मधली स्टेशनं न घेता, भलत्याच रुळावरून.

कुठे अडते ते शोधायला अर्धा तास पुरे. तेच संत्र्यांचं उदाहरण घ्या. (श्रावणात संत्री कुठली, आंबिया बहार यायला अजून वेळ आहे, पण पुस्तकाला ऋतू नसतो.) तिला मोठ्याने वाचू द्या. सेमीचं पुस्तक म्हणजे उदाहरण इंग्रजीत असणार. तुम्ही मला ते मराठीत लिहून पाठवलंत, यातच निम्मी गोष्ट आली. पोरीला ते मराठीत कोणी सांगितलं होतं का? शब्द वाचतानाच अडली तर पहिलं स्टेशन. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, ‘काय झालं त्यात? मला घरी बोलतो तसं सांग.’ ‘एका माणसाने खूप सारी संत्री आणली, पैसे दिले, आता एका डझनाचे किती पडले ते विचारून राहिले’ असं काही आलं, तर दुसरं स्टेशन पार. गप्प बसली, किंवा एकदम ‘सिक्स हंड्रेड फॉर्टी इंटू एट’ म्हणाली, तर तिला त्यात माणूसही दिसला नाही आणि संत्रीही नाहीत, फक्त दोन आकडे दिसले. मग तेच तुम्ही सांगा, मराठीत, दुकानदाराला तुमच्या चौकातल्या फळवाल्याचं नाव देऊन. ऐकल्या ऐकल्या ‘ऐंशी’ आलं तर तिचं गणित ठणठणीत आहे, इंग्रजी कच्चं आहे, आणि त्यावरचं औषध वेगळं. मराठीत ऐकूनही ‘अधिक करू का वजा’ आलं तर मग तिसरं स्टेशन.

एक सूचना. मराठीत सांगताना मोठे आकडे इंग्रजीतच म्हणा. सेमीच्या पोरांना ‘एकोणऐंशी’ म्हटलं की ती तिथेच थांबतात, ७९ की ८९ याच विचारात बुडतात आणि बाकीचं उदाहरण वाहून जातं. ‘पंचेचाळीस’ ऐकून ५४ लिहिणारी पोरं मी दरवर्षी पाहिली, कारण आपण बोलताना पाच आधी म्हणतो आणि लिहितो मागून. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तुम्हाला आठवत असेल. मला तर त्यात काही पाप वाटलं नव्हतं. ते असो.

माझा अंदाज विचाराल तर तुमची नात दुसऱ्या स्टेशनावर उतरतच नाही, आणि तिला तिथे उतरू देत नाही तो भिंतीवरचा तक्ता.

तो तक्ता मी न बघता सांगू शकते, कारण वर्गात दहा-बारा वर्षं मीही तो लावला होता. टोटल आलं की बेरीज. लेफ्ट आलं की वजाबाकी. ईच, कॉस्ट आलं की गुणाकार. शेअर, इक्वली आलं की भागाकार. मराठी माध्यमात तोच एकूण, शिल्लक, प्रत्येकी, समान वाटणी अशा नावांनी असतो. तुमच्या उदाहरणात कॉस्ट होतं. पोरीने भिंतीकडे बघितलं आणि गुणलं. आज्ञाधारक आहे हो तुमची नात, जे सांगितलं तेच तिने केलं.

पहिली-दुसरीत हा तक्ता चालतो, कारण तिथली उदाहरणंच तशी बेतलेली असतात. पुढे तो उलटतो. ‘वर्गात एकूण ४२ मुलं, त्यात २३ मुली, तर मुलगे किती?’ यात एकूण आहे आणि करायची वजाबाकी. ‘भाजीला ९० रुपये गेले, ३५ शिल्लक राहिले, तर आईने नेले होते किती?’ यात शिल्लक आहे आणि करायची बेरीज. इंग्रजीत सगळ्यात मोठा खड्डा ‘हाउ मेनी मोअर’चा. मोअर म्हणजे जास्त, जास्त म्हणजे बेरीज, की पडलं पोरगं खड्ड्यात. विचारलेला असतो फरक.

आणि तक्त्याने केलेलं खरं नुकसान याहून खोल आहे. त्याने मुलाला शिकवलं की उदाहरण वाचायचं नसतं, त्यातून आकडे वेचायचे आणि एक शब्द हुडकायचा. साधारण १९८० च्या सुमाराला फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात काही शिक्षक-संशोधकांनी दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना एक प्रश्न घातला: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी त्या दोन आकड्यांचं काहीतरी करून वय काढून दिलं. हे वाचल्यावर मला काही राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, ‘वर्गात ३२ मुलं आहेत, ४ खिडक्या आहेत, तर बाईंचं वय किती?’ अर्ध्याहून जास्त वर्गाने मला ३६ ची ठरवलं. मी तेव्हा ४१ ची होते, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. पण मधल्या सुट्टीत तक्ता काढला तो काढलाच.

तुम्हीही काढा, पण तिच्यासमोर ट्यूशनच्या मॅडमला नावं ठेवू नका. त्यांनी वाईट हेतूने दिला नाही, आणि पोरीला उद्या तिथेच जाऊन बसायचं आहे. ‘चल, महिनाभर याच्याशिवाय बघू’ एवढं म्हणा, पुरे.

तक्त्याच्या जागी काय, तर काही नाही. फक्त तुमचा अंगठा. खरंच सांगते. उदाहरण वाचायच्या आधी आकड्यांवर अंगठा ठेवा, किंवा कागदाचे चिटोरे चिकटवा. ‘एका दुकानदाराने काही डझन संत्री काही रुपयांना घेतली. एका डझनाची किंमत किती?’ आकडेच नसल्यामुळे तिला आता करण्यासारखं काही उरत नाही, झक मारून गोष्ट ऐकावी लागते. मग विचारा, ‘सगळ्या संत्र्यांचे पैसे जास्त, की एका डझनाचे?’ ती हसेल. ‘सगळ्यांचे, अजून काय!’ म्हणजे उत्तर त्या झाकलेल्या पैशांपेक्षा लहान येणार, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आता अंगठा काढा. ६४० दिसल्यावर ५१२० लिहायची तिची हिंमत होणार नाही, आणि लिहिलंच तर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, तीच खोडरबर शोधेल.

याच्यात एक पथ्य तुमच्यासाठी आहे. ती ‘अधिक करू का वजा?’ विचारते तेव्हा कुठे बघते, ते एकदा टिपा. वहीकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे. ‘वजा?’ म्हणते आणि थांबते. तुमच्या भुवया जरा वर गेल्या की ‘नाही नाही, अधिक!’ उदाहरणापेक्षा तुमचा चेहरा वाचणं तिला सोपं जातं, आणि त्यात ती तरबेज झाली आहे. तर चेहरा कोरा ठेवा. बरोबर असो की चूक, एकच वाक्य: ‘असं का वाटलं तुला?’ आणि मग गप्प बसा. पोरं विचार करत असताना मोठ्या माणसाला तीन सेकंदसुद्धा धीर धरवत नाही, आपण लगेच ‘अगं, नीट वाच ना’ म्हणतो. तुम्ही तर सिग्नल मिळेस्तोवर गाडी उभी ठेवणाऱ्या खात्यातले, तुम्हाला हे जमावं.

आता सगळ्यात नडणारा प्रकार, तुलनेचा. चौथीत फुल्या पडतात त्या बहुतेक इथे, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

मागच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीतली बहीण-भावंडं नंदी घेऊन दारात आली. पोरगा चौथीतला, त्याचा नंदी चाकांवर, शिंगांना बेगड. मागे दुसरीतली बहीण, तिचा नंदी ओंजळीत मावेल एवढा. मी नंद्यांना टिळा लावला, दोघांना बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, दिला. पोरं माझ्याच ओट्यावर बसून दिवसभराचे पैसे मोजायला लागली. पोरट्याचे झाले ८५. बहिणीने आपले मोजले, तोंड पाडलं आणि म्हणाली, ‘दादाला माझ्यापेक्षा वीस रुपये जास्त मिळाले.’ मी तिला म्हटलं, तू आता बोलू नको. आणि त्याला विचारलं, ‘तुझे ८५, तुला हिच्यापेक्षा २० जास्त, तर हिचे किती?’ तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘वन हंड्रेड फाइव्ह.’

बहीण उसळलीच. ‘माझ्याजवळ एकशे पाच असते तर मी रडली असती का?’

तिला तुलनेचं उदाहरण कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण पैसे तिचे होते. त्याला शाळेने तीन वर्षं ‘जास्त म्हणजे अधिक’ शिकवलं होतं. मग मी खडू आणला आणि ओट्यावरच दोन पट्ट्या काढल्या, एकाखाली एक, डावी बाजू सारखी धरून. ‘यातली मोठी कोणाची?’ ‘माझी.’ तिच्यात लिहिलं ८५. ‘हिची कुठपर्यंत?’ त्याने स्वतः खडू घेऊन बहिणीची पट्टी आखूड केली, उरलेल्या जागेवर २० लिहिलं, आणि तिथेच म्हणाला, ‘अरे, पासष्ट!’ सिक्स्टी फाइव्ह नाही, पासष्टच म्हणाला, घरातल्या भाषेत.

या दोन पट्ट्या म्हणजे काही माझा शोध नाही. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून अशाच पट्ट्या काढून शाब्दिक उदाहरणं शिकवतात. वस्तूंची चित्रं काढण्यापेक्षा हे बरं, कारण ८५ रुपयांची चित्रं काढता काढता पोरीची संध्याकाळ जाते आणि पोरगी नाण्यांवर सिंह काढत बसते. पट्टी दोन ओढींत होते. फक्त एक नियम: कोणाची लांब आणि कोणाची आखूड, हे लिहायच्या आधी ठरवायचं. तुलनेच्या उदाहरणात निम्म्याच्या वर काम तेवढंच असतं.

मराठीत सगळा घोळ एवढ्याशा प्रत्ययात असतो, आणि वाचताना पोरं नेमका तोच गिळतात. ‘रियाकडे ६ बांगड्या. अन्वीकडे त्यापेक्षा ३ ने जास्त’ म्हणजे ९. ‘अन्वीकडे त्याच्या ३ पट’ म्हणजे १८. ‘रियाच्या ६ बांगड्या अन्वीपेक्षा ३ ने जास्त आहेत’ म्हटलं की अन्वीकडे उरल्या ३. आकडे तेच, मुली त्याच, बांगड्याही त्याच. एकदा तिच्याच बांगड्या काढून मांडा आणि ही तिन्ही वाक्यं एकामागे एक म्हणा. मग ‘ने’ आणि ‘पट’ यांच्याखाली रेघ मारायला सांगा. ‘पैकी’, ‘प्रत्येकी’, ‘पेक्षा’ हेही असेच. लक्षात घ्या, हा पुन्हा तक्ता नाही. या शब्दाला ही क्रिया असं सांगायचं नाही, या शब्दाने गोष्ट कशी बदलली एवढंच विचारायचं.

पाचव्या स्टेशनाचंही सांगून टाकते, म्हणजे उत्तर प्रश्नाला धरून लिहिणं. १९८३ मध्ये अमेरिकेत तिथल्या देशपातळीवरच्या चाचणीचे निकाल आले. १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: ११२८ सैनिक न्यायचे आहेत, एका बसमध्ये ३६ बसतात, तर किती बस लागतील? भागाकार साधारण ७० टक्के मुलांना बरोबर आला. पण ‘३२ बस’ असं उत्तर लिहिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१, बाकी १२’. १२ सैनिकांना रस्त्यावर उभं ठेवून पोरं मोकळी झाली.

नातीला हे जोडीने द्या. शाळेची सहल रामन विज्ञान केंद्रात चालली, मुलं १३०, एका बसमध्ये ३०, बस किती? आणि दुसरं, खिशात १३० रुपये, तर्री-पोह्याची प्लेट ३० ला, प्लेटा किती? भागाकार एकच, चार वेळा गेला आणि दहा उरले. पण बस पाच आणि प्लेटा चार. ती म्हणेल, असं कसं, दोन्हीतलं एक तर चूकच असणार. म्हणू द्या. मग विचारा, ते दहा कोण आहेत? पहिल्यात दहा पोरं आहेत, त्यांना मागे ठेवता येत नाही. दुसऱ्यात दहा रुपये आहेत, ते खिशात राहतात. माझ्या अनुभवात हे एक जोडउदाहरण २० साध्या भागाकारांइतकं काम करतं.

तुम्ही अजनीत राहता, म्हणून एक उदाहरण खास तुमच्यासाठी. रविवारी नातीला घेऊन अजनी चौकात मेट्रोत बसा आणि सीताबर्डीला उतरा. निघायच्या आधी विचारा, मधे किती स्टेशनं लागतील, आणि आपण कितव्या स्टेशनावर उतरू? रहाटे कॉलनी, काँग्रेसनगर, मग सीताबर्डी. मधे दोन, उतरायचं तिसऱ्यावर. चढलो ते धरलं तर स्टेशनं चार. दोन, तीन, चार, सगळी उत्तरं बरोबर, प्रश्न कोणता यावर ठरतं. खांब आणि कुंपण, झाडं आणि त्यांच्यातलं अंतर ही उदाहरणं पुढे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत येतात तेव्हा भलीभली पोरं एकाने चुकतात. जिने बोटांवर स्टेशनं मोजली ती निदान थबकेल तरी.

पावकी-दिडकीचं विचारलंत. काकाजी, मला स्वतःला औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, येते आणि त्याचा मला गर्वही आहे. पण आज ते सुरू करू नका. तिला जे अडतं त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि तुमच्या गणिताच्या नादात तिला आणखी एक न येणारी गोष्ट मिळेल. दिवाळीच्या सुट्टीत गंमत म्हणून शिकवा. तोवर बाजारात पावशेर मिरच्या, दीड किलो कांदे, अडीचशे ग्रॅम शेंगदाणे घेताना हिशेब तिला करू द्या. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द कानावर पडले पाहिजेत, नाहीतर उद्या ‘पावणेदोनशे’ वाचून ती २०० च्या वर जाईल.

आता ती ३० गणितं. बंद. रोज दोन शाब्दिक उदाहरणं, त्यातलं एक पाटी-पेन्सिल न घेता, नुसतं बोलून. ‘काय झालं, काय माहीत आहे, काय विचारलं, उत्तर मोठं येईल की लहान’ इथपर्यंत येऊन सोडून द्यायचं, उत्तर काढायचंच नाही. तुम्हाला हे अर्धवट वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं, आणि एका पालकांनी तर वही घेऊन येऊन विचारलं होतं की बाई, उत्तर नाही तर मार्क कशाचे देता. पण उत्तर काढायचं नसलं की पोरांची घाई संपते. आणि तिची घाईच तर आपल्याला नडते आहे.

आठवड्यातून एकदा उलटं करा. तिला ८ × ८० = ६४० लिहून द्या आणि म्हणा, याची गोष्ट बनव. पहिली गोष्ट बहुतेक पुस्तकातलीच येईल, राजूकडे ८ पेट्या वगैरे. दुसऱ्यांदा सांगा, यात आपल्या घरातलं कोणीतरी पाहिजे. मग तिला ६४० ÷ ८ ची गोष्ट मागा, माणसं तीच ठेवून. ज्या पोरीला एकाच प्रसंगातून गुणाकाराचा प्रश्नही काढता येतो आणि भागाकाराचाही, ती तुम्हाला ‘अधिक करू का वजा’ विचारायला येणार नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलेलं अजून आठवतं: ‘माझे बाबा रोज ८० रुपयांचा खर्रा खातात. ८ दिवसांत किती रुपयांचा खातील? आई किती वेळा ओरडेल?’ दुसऱ्या प्रश्नाला माहिती अपुरी आहे, असं तिनेच खाली कंसात लिहिलं होतं.

तिला मराठी अस्खलित वाचता येत नसेल, किंवा १३ आणि ३१ मधलं मोठं कोणतं यातही ती गोंधळत असेल, तर मात्र वर्गशिक्षकांशी बोला आणि डोळेही तपासून घ्या. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही.

सूनबाईंना सांगा की रागावणं बंद झालं आहे. आधी बंद करा, मग सांगा. पोळा आता तोंडावर आला आहे. तान्ह्या पोळ्याला नातीचा नंदी घेऊन तुम्हीही तिच्यासोबत चार घरं फिरा, आणि घरी आल्यावर बोजाऱ्यावर तिलाच एक उदाहरण रचायला लावा. ते मला पाठवा. उत्तर लिहू नका, मी काढते, आणि चुकलं तर तिने फुली मारायची.

तुमची,
बाई